कापायची रेषा सुचते कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरच्या एका शाळेत आठवीला गणित शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात पुठ्ठ्याचे समभुज त्रिकोण वाटले आणि ‘हा कापून याचा चौरस करा’ असं सांगितलं. मुलं अंदाजाने कापत राहिली, पुठ्ठा संपला, चौरस काही झाला नाही. बाईंना आता विचारायचं आहे की या रेषा सुचतात कशा, की त्या पाठच करायच्या असतात? कुठलाही आकार कापून कुठलाही करता येतो का? आणि वर्गासाठी टिकाऊ संच करायचा तर कशाचा करावा?

मी ही कोडी लाकडात आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये बनवतो आणि गिरगावपासून विलेपार्ल्यापर्यंतच्या शाळांत त्यांची शिबिरं घेतो. त्यामुळे तिन्ही प्रश्न रोजच्या ओळखीचे आहेत.

बाई, तुमची मुलं कमी पडली नाहीत. त्यांना पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड कोडं मिळालं. समभुज त्रिकोणाचा चौरस चार तुकड्यांत होतो, पण कात्री हातात घेऊन तो कुणाला सापडत नाही. मुळात एकट्या आकाराकडे टक लावून पाहिलं तर कापायची रेषा दिसतच नाही. ती दिसायला आकार पुन्हा पुन्हा मांडून कागद भरावा लागतो. ज्या आकारात जायचंय त्यानेही दुसरा कागद तसाच भरायचा आणि एक नक्षी दुसरीवर ठेवायची. दोन नक्ष्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कापायचं. या क्षेत्रातली बहुतेक सुंदर उत्तरं याच रीतीने निघतात. साहित्य म्हणून ट्रेसिंग पेपर पुरतो, कात्री सर्वात शेवटी.

अधिकच्या चिन्हापासून सुरुवात करा, म्हणजे पाच समान चौरसांचा क्रूस: मधे एक आणि चारी बाजूंना एकेक. चौकटीच्या वहीत प्रत्येक घर दोन सेंटिमीटरचं धरून असे क्रूस शेजारी शेजारी काढायला लावा. मधे एकही घर रिकामं न सोडता ते कागद भरतात, हे मुलांना स्वतःच्या हाताने कळू द्या. एका क्रूसाच्या मध्यापासून शेजारच्या क्रूसाच्या मध्यापर्यंत जायला दोन घरं उजवीकडे आणि एक घर वर जावं लागतं. आता सगळ्या क्रूसांचे मध्यबिंदू सरळ रेषांनी जोडा. तिरक्या चौरसांची जाळी तयार होते. तिच्या एका चौरसाची बाजू √५ घरं, म्हणून क्षेत्रफळ ५ घरं, आणि क्रूसाचं क्षेत्रफळही ५. जाळीच्या रेषा प्रत्येक क्रूसाला मध्यातून दोन परस्पर लंब रेषांनी कापतात. उजव्या हाताच्या वरच्या कडेच्या मध्यापासून डाव्या हाताच्या खालच्या कडेच्या मध्यापर्यंत एक रेषा, आणि वरच्या हाताच्या डाव्या कडेच्या मध्यापासून खालच्या हाताच्या उजव्या कडेच्या मध्यापर्यंत दुसरी. चारही तुकडे अगदी सारखे पडतात आणि त्यांचा चौरस होतो. कुणालाही काही ‘सुचावं’ लागत नाही.

मग मुलांना ट्रेसिंग पेपरवरची जाळी थोडी सरकवायला सांगा. कोपरे मध्यावरून हलले की तुकड्यांचे आकार बदलतात, कधी चारच राहतात, कधी एखादा वाढतो, पण चौरस होतोच. एकाच कोड्याची असंख्य उत्तरं आहेत हे कळल्यावर वर्गाचा नूर बदलतो. उत्तर शोधून झाल्यावर कोणतं उत्तर चांगलं यावर मुलं भांडायला लागतात. मला तो भाग सर्वात आवडतो.

हीच युक्ती एक पायरी पुढे न्या. सातवीत मुलं पायथागोरसचा सिद्धांत शिकतात, सूत्र पाठ असतं, चित्र नसतं. एक मोठा आणि एक लहान चौरस घेऊन, दोन्ही आलटून पालटून मांडले तर जमीन भरता येते. जुन्या इमारतींच्या लाद्यांमध्ये ही मांडणी कधी कधी दिसते, मुलांना शोधायला सांगायला हरकत नाही. या लाद्यांवर मोठ्या चौरसांचे मध्यबिंदू जोडणारी जाळी टाका. जाळीच्या चौरसाची बाजू म्हणजे त्या दोन बाजूंवरच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण. मोठा चौरस चार सारख्या तुकड्यांत कापला जातो, लहान चौरस अखंड राहतो आणि पाचही तुकडे मिळून कर्णावरचा चौरस भरतात. हेन्री पेरिगल नावाच्या हौशी इंग्रज गणित्याने ही कापणी १८७३ साली प्रसिद्ध केली. तिचा त्याला इतका अभिमान होता की त्याच्या थडग्यावरही ती कोरलेली आहे.

इथे कुणीतरी नक्की म्हणेल की आपल्या भास्कराचार्यांची आकृती याहून सोपी आहे. आहेच. ‘बीजगणिता’तली ती आकृती म्हणजे कर्णावरच्या चौरसात चार काटकोन त्रिकोण आणि मधे बाजूंच्या फरकाचा लहान चौरस. तुकडे पाचच. सिद्धता म्हणून मला ती पेरिगलपेक्षा सरस वाटते, कारण डोळ्यांना एका क्षणात पटते. कोडं म्हणून मात्र तिच्यात एक अडचण आहे. ते पाच तुकडे फिरवले की दोन चौरस एकमेकांना चिकटलेले मिळतात. त्यांच्यामधली सीमा तुकड्यांच्या आतून जाते, त्यामुळे दोन सुटे चौरस हवे असतील तर आणखी कापावं लागतं. पेरिगलच्या पाच तुकड्यांत दोन्ही चौरस सुटे मिळतात. वर्गात दोन्ही करून घ्या आणि हा फरक मुलांनाच शोधू द्या.

आता तुमचा त्रिकोण. समभुज त्रिकोण एक सुलटा, एक उलटा असे ओळीने ठेवले की त्यांची सरळ पट्टी होते. चौरसांची पट्टी तर होतेच. तेव्हा सगळा कागद भरायची गरज नाही, दोन पट्ट्या पुरतात. त्रिकोणांची पट्टी आडवी ठेवा आणि त्यांच्या तिरक्या बाजूंचे मध्यबिंदू खुणेने दाखवा. ट्रेसिंग पेपरवर तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौरसांची पट्टी काढा. तिची एक कड एका मध्यबिंदूवर ठेवून ती फिरवत जा, दुसरी कड एक सोडून पुढच्या मध्यबिंदूवर येईपर्यंत. मग पट्टी तिच्याच दिशेने सरकवा, म्हणजे चौरसांमधली आडवी रेषा वगळलेल्या मध्यबिंदूतून जाईल. रेषा तयार.

मापं हवी असतील तर २० सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण घ्या. पाया अक, शिरोबिंदू ब. अब चा मध्य म, बक चा मध्य न. पायावर अ पासून ५.०९ सेंटिमीटरवर प, आणि प पासून बरोबर १० सेंटिमीटरवर र. उरलेलं रक ४.९१. न आणि प जोडा, ही लांबी १३.१६ सेंटिमीटर भरायला हवी कारण तीच चौरसाची बाजू आहे. मग म पासून आणि र पासून या नप रेषेवर लंब टाका. तीन काप, चार तुकडे. म, न आणि र या बिंदूंवर बिजागऱ्या लावल्या तर चारही तुकडे एकाच साखळीत राहतात. एका दिशेने फिरवले की त्रिकोण, उलट्या दिशेने फिरवले की चौरस. हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकाराने हे कोडं १९०२ साली वाचकांपुढे ठेवलं आणि १९०५ साली त्याचं मॅहोगनी लाकडाचं, पितळी बिजागऱ्यांचं मॉडेल लंडनच्या रॉयल सोसायटीत दाखवलं.

ते ५.०९ कुठून आलं, हे विचारणारा एक तरी विद्यार्थी वर्गात असू दे. बहुतेक पुठ्ठ्याच्या संचांत आणि बऱ्याच व्हिडिओंत पायाचे भाग ५, १०, ५ असे धरलेले असतात, कारण ते काढायला सोपं. तसं कापलं तरी तुकडे बिनबोभाट जुळतात! मात्र जुळून जे होतं तो चौरस नसतो, १३.२३ बाय १३.०९ चा आयत असतो. फरक दीड मिलिमीटरहूनही कमी. पुठ्ठ्यावर तो डोळ्यांना दिसत नाही, सगळे टाळ्या वाजवतात. म्हणून मी मुलांना जुळलेला ‘चौरस’ ९० अंशांत फिरवून त्याच्याच काढलेल्या बाह्यरेषेवर पुन्हा ठेवायला लावतो. आयत असेल तर तो एका बाजूने बाहेर येतो.

खरी लांबी काढायची रीत पट्टी-कंपासची आहे. त्रिकोणाचा अर्धा पाया १० आणि उंची १७.३२ या दोन लांबी एका रेषेवर लागोपाठ घ्या, पूर्ण लांबीवर अर्धवर्तुळ काढा आणि सांध्यावर लंब उभा करा. लंब जिथे वर्तुळाला भेटतो तिथपर्यंतची उंची १३.१६. न वर कंपासचं टोक ठेवून तेवढ्या त्रिज्येने पायावर छेद दिला की प मिळतो. आयताइतका चौरस करायची आपल्याकडची रीत याहून कितीतरी जुनी आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदींसाठी ती दिली आहे: आयतातून लहान बाजूचा चौरस वेगळा काढा, उरलेल्या भागाचे दोन उभे तुकडे करून चौरसाच्या दोन लगतच्या बाजूंना लावा, कोपऱ्यात जो लहान चौरस कमी पडतो तो वजा करा. दोन चौरसांची वजाबाकी दोरीने कशी करायची तेही तिथेच सांगितलं आहे. ज्या वर्गाला संस्कृत विषय आहे तिथे मी हे हटकून करून घेतो.

डोळ्यांना जुळलेलं आणि खरंच जुळलेलं, यांतला फरक दाखवायला ६४ बरोबर ६५ चं जुनं कोडं ठेवा. ८ × ८ चा चौरस चार तुकड्यांत (दोन त्रिकोण, दोन चौकोन) कापून ५ × १३ चा आयत ‘होतो’. एक घर कुठून आलं? कर्णावर एक लांबट फट राहते. त्रिकोणाच्या तिरक्या कडेचा चढ आठ घरांत तीन आहे, चौकोनाच्या कडेचा पाच घरांत दोन, म्हणजे ०.३७५ आणि ०.४. दोन्ही मिळून सरळ रेषा होत नाही. घर एक सेंटिमीटरचं असेल तर फट सव्वा मिलिमीटरच्या आतच राहते. जाड मार्करने रेघा मारल्या की ती गडप.

हा वाद हजार वर्षं जुना आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा या गणित्याने कारागिरांसाठी भूमितीचं पुस्तक लिहिलं. त्यात तो दोन्ही बाजूंची कानउघाडणी करतो. कारागीर डोळ्यांना पटलं की खूश होतात, आणि भूमितीवाल्यांना सिद्धता येते पण कापता येत नाही, असा त्याचा रोख. तीन समान चौरसांचा एक चौरस करायची त्याची रीत मला अजून सर्वात देखणी वाटते. दोन चौरस कर्णावर कापून चार त्रिकोण करा. तिसरा चौरस अखंड मधे ठेवा. प्रत्येक त्रिकोणाचा कर्ण चौरसाच्या एकेका बाजूला असा लावा की त्याचं एक टोक कोपऱ्यावर आणि दुसरं टोक पुढच्या कोपऱ्याच्या पलीकडे, चारही त्रिकोण एकाच दिशेने फिरणारे. मग चारही काटकोनाची टोकं जोडा. जेवढा भाग रेषेबाहेर राहतो, तेवढाच आत रिकामा असतो. एकूण नऊ तुकडे. पुढे पेरिगलने हेच काम सहा तुकड्यांत करून दाखवलं. पण सहा तुकड्यांचं उत्तर कळायला वेळ लागतो, अबुल वफाचं पाहताक्षणी कळतं. तुकडे कमी असणं हा एकच निकष धरू नका.

कुठल्याही आकाराचा कुठलाही आकार होतो का? कडा सरळ असतील आणि क्षेत्रफळ समान असेल तर होतो, नेहमीच. हे १९ व्या शतकात वॉलेस, बोयाई आणि गेरवीन या तिघांनी स्वतंत्रपणे दाखवलं, आणि सिद्धता आठवीला समजेल अशी आहे. बहुभुजाकृतीचे त्रिकोण करा. प्रत्येक त्रिकोण, सर्वात लांब बाजू पाया धरून, उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर कापा, वरच्या लहान त्रिकोणात शिरोबिंदूपासून लंब टाका, आणि त्याचे दोन तुकडे मध्यबिंदूंभोवती अर्धा फेरा फिरवून खाली आणा: आयत झाला. सगळे आयत एकाच रुंदीचे करून एकावर एक रचा. दुसऱ्या आकाराचंही तसंच करून त्याच रुंदीचा आयत मिळवा आणि दोन्ही कापण्या एकमेकींवर टाका. तुकडे भरमसाट होतात, पण होतं नक्की. अशा कोणत्याही दोन आकारांसाठी बिजागऱ्यांची साखळीही नेहमीच शक्य असते, हे एरिक डेमेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलं.

वर्तुळाचा चौरस कात्रीने होत नाही. आणि घनाकृतींत तर सगळंच बिघडतं. समान घनफळाचं नियमित चतुष्फलक, म्हणजे चार समभुज त्रिकोणांची घनाकृती, सुरीने कितीही कापलं तरी त्याचा घन होत नाही. जर्मन गणिती हिल्बर्टने १९०० साली मांडलेल्या प्रश्नांपैकी हा तिसरा, आणि त्याच वर्षी माक्स डेन या त्याच्या विद्यार्थ्याने तो सोडवला. अडचण कोनाची आहे. घनाच्या दोन पृष्ठांमधला कोन ९० अंश, चतुष्फलकाचा साधारण ७०.५३ अंश, आणि हा दुसरा कोन कितीही वेळा घेतला तरी १८० च्या पूर्ण पटीत बसत नाही. हुशार मुलांसाठी इतकंच सांगून सोडा, पुढचं त्यांना कॉलेजात कळेल.

कमीत कमी तुकडे किती, हा मात्र फार चिवट प्रश्न आहे. ड्यूडनीच्या चार तुकड्यांऐवजी तीनमध्ये होईल का, याचं उत्तर यायला २०२४ साल उजाडलं. डेमेन, कामाता आणि उएहारा यांनी दाखवलं की तुकडा पालथा न घालता तीनमध्ये ते अशक्य आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ सगळ्यांना ‘बहुधा नाहीच होणार’ असं वाटत होतं, पण सिद्ध करता येत नव्हतं.

पहिल्या तासाला याहून सोपं काही हवं असेल तर १६ × ९ चा आयत द्या. खालच्या कडेवर डावीकडून ४ घरं सोडून सुरू करा आणि ३ घरं वरच्या दिशेने, ४ उजवीकडे, ३ वरच्या दिशेने, ४ उजवीकडे, ३ वरच्या दिशेने, असा जिना कापा. डावा तुकडा एक पायरी वर चढवला की १२ × १२ चा चौरस, दोनच तुकड्यांत. कापायच्या आधी क्षेत्रफळ काढायचं, १४४, म्हणजे बाजू १२, ही सवय इथेच लागते. मग मुलांना विचारा की आणखी कोणत्या आयतांना हा जिना चालेल. ४ : ९, ९ : १६, १६ : २५ पर्यंत ती स्वतःच पोचतात.

संचाबद्दल. रोजच्या वापराला दोन मिलिमीटरचा माउंटबोर्ड बरा, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक मिळतो. कात्रीने कापू नका, कड दबते. स्टीलची पट्टी आणि कटर वापरा, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत. एमडीएफ स्वस्त पडतं, पण मुंबईच्या पावसाळ्यात कडेने फुगतं आणि ऑगस्टमध्ये तुकडे साच्यात बसेनासे होतात, त्यामुळे करायचंच असेल तर कडांना सीलर मारा. टिकाऊ हवं तर तीन मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक लेझरवर कापून घ्या. लेझरचा किरण मिलिमीटरचा एक-दोन दशांश भाग खातो, तो हिशेबात धरायला कटिंगवाल्याला सांगा. बऱ्याच दुकानांत विचारल्याशिवाय तो धरत नाहीत. करवतीने लाकूड कापणार असाल तर त्याहून जास्त जातं, तिथे प्रत्येक तुकडा रेषेबाहेर कापून पॉलिश पेपरने मापावर आणा.

दोन्ही बाजूंना वेगळे रंग असू द्या, म्हणजे कुणी तुकडा पालथा घातला की लगेच कळतं. बिजागरीच्या मॉडेलसाठी मी बिजागरी वापरतच नाही, कोपऱ्यांवर आतून-बाहेरून कापडी चिकटपट्टी लावतो. ती वर्षभर टिकते आणि फाटली तर मुलंच बदलतात. संचाच्या डब्यात उत्तराचा कागद ठेवू नका. त्याऐवजी त्रिकोणांच्या पट्टीची एक छापील प्रत आणि चौरसांच्या पट्टीचा ट्रेसिंग पेपर ठेवा.